गल्ल्यात पैसे कमी आणि पुतण्याच्या कपाळावर घाम

पत्र थोडक्यात (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदललेत):

नागपूरचे एक वाचक, वय ५२. इतवारीत इलेक्ट्रिकलचं दुकान, त्यांनी आणि धाकट्या भावाने मिळून टाकलेलं. भाऊ २०२१ मध्ये कोरोनात गेला. त्याचा मुलगा आता २० वर्षांचा, बी.कॉम. करतो आणि कॉलेज सुटलं की दुकानात बसतो. 'पगार कशाचा, घरचाच पोरगा आहे' असं पत्रात आहे. मार्चपासून, म्हणजे कूलरचा सीझन लागल्यापासून, गल्ल्यात दर आठवड्याला पैसे कमी भरतात, मेअखेर साडेअठरा हजार झाले. गल्ल्याला हात तिघांचा: ते स्वतः, २२ वर्षं जुने मुनीमजी आणि पुतण्या. 'खोटं बोलणारा कसा ओळखावा' असे पंधरा-वीस व्हिडिओ बघून त्यांनी एका रात्री साडेनऊला अर्धं शटर पाडलं आणि मुनीमजींसमोर पुतण्याला म्हणाले, डोळ्यात डोळे घालून सांग. तो खाली बघत राहिला, कपाळावर घाम, नाकाला दोनदा हात, आवाज अडकला, आधी 'कोणते पैसे?' म्हणाला आणि मग रडला. 'सगळ्या खुणा जुळल्या,' ते लिहितात. तेव्हापासून आठ दिवस पोरगा दुकानात आलेला नाही आणि वरच्या मजल्यावर राहणारी वहिनी बोलत नाही. प्रश्न असा की अजून कोणत्या खुणा पाहाव्या म्हणजे पक्कं कळेल, आणि खाजगीत लाय डिटेक्टर टेस्ट होते का?

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना तुमच्यासारखंच वाटलं की पोरगा काहीतरी लपवून राहिला. दुसऱ्यांदा वाचताना मी फक्त त्या रात्रीचं दृश्य डोळ्यासमोर आणलं. मे महिना, इतवारी, अर्धं शटर पाडलेलं, आत तीन माणसं, आणि दिवसभर तापलेल्या भिंती. कूलर विकणाऱ्याच्या दुकानात तेव्हा कूलर चालू होता का हो? कारण त्या जागी मी बसले असते ना, तर एक रुपया न घेता मलाही घाम फुटला असता.

आता डोळ्यांचं. तो पोरगा तुमच्या घरात लहानाचा मोठा झाला, काकासमोर मान वर करून बोलायचं नाही हे त्याला कुणी शिकवलं असेल? तुम्हीच, त्याच्या बाबांनी, आजीने. आपल्याकडे मोठा माणूस रागावला की पोराने खाली बघायचं असतं, नाहीतर 'वर तोंड करून बोलतो' हे वेगळं ऐकावं लागतं. त्या रात्री तो खरंच तुमच्या डोळ्यात बघून 'नाही घेतले' म्हणाला असता तर तुम्हीच घरी जाऊन म्हणाले असते की बघा किती निर्ढावला, बापाच्या मागे हाताबाहेर गेला. म्हणजे खाली बघितलं तरी चोर आणि वर बघितलं तरी चोर. अशा परीक्षेत पास कसं व्हायचं हे मलाही सुचत नाही.

आणि ही समजूत एकट्या तुमची नाही. २००६ साली ७५ देशांतल्या लोकांना विचारलेल्या एका पाहणीचं काम छापून आलं, खोटं बोलणारा कसा ओळखता म्हणून, आणि सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर हेच होतं की तो नजर चुकवतो. पण प्रत्यक्ष खरं आणि खोटं बोलणाऱ्यांची तुलना करणारे प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा नजरेचा आणि खोट्याचा म्हणावा असा संबंधच निघाला नाही. २००३ मध्ये अशा १५८ खुणा तपासून झाल्या होत्या आणि बहुतेकांचा संबंध एकतर नाहीच किंवा अगदी बारीक. डोळे कुठल्या बाजूला वळले की माणूस रचून सांगतो, ते जे व्हिडिओत आवर्जून दाखवतात, तेही २०१२ मध्ये तपासलं गेलं आणि त्यात काहीच तथ्य सापडलं नाही. नाकाला हात लावण्यावरून तुम्ही निकाल देऊन टाकला म्हणून हे सांगते, घाम आला की नाकावरून हात फिरतोच.

तुम्ही म्हणाल सामान्य लोकांना जमत नसेल, नीट शिकलं तर जमेल. चोवीस हजारांहून जास्त लोकांना खरं आणि खोटं ओळखायला लावलेल्या प्रयोगांचा एकत्र हिशोब २००६ मध्ये झाला. सरासरी शंभरातली ५४ उत्तरं बरोबर. नाणं उडवलं तर ५० येतात. तुमच्या धंद्यात कुणी चार टक्क्यांसाठी घरचा माणूस तोडेल का? पोलीस, न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ यांची १९९१ मध्ये अशीच चाचणी घेतली तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचं संरक्षण करणारे सीक्रेट सर्व्हिसवाले सोडले तर बाकी कुणीच नाण्यापेक्षा फार पुढे गेलं नाही. आणि यातली मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट म्हणजे, ओळखणाऱ्याला किती खात्री वाटते याचा तो बरोबर असण्याशी जवळजवळ काही संबंध नसतो. तुमच्या पत्रात 'शंभर टक्के' हा शब्द तीनदा आलाय भाऊ.

आमचे बाबा वकिली करायचे, त्यांच्यामुळे एक जुनी गोष्ट माहीत आहे ती इथे सांगायलाच हवी. खोट्या माणसाच्या खुणांची यादी व्हिडिओवाल्यांनी काढलेली नाही, ती आपल्याकडे याज्ञवल्क्य स्मृतीत, म्हणजे कायदा आणि न्यायनिवाड्याच्या जुन्या ग्रंथातच आहे: एका जागी टिकत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, कपाळाला घाम येतो, चेहऱ्याचा रंग उतरतो, बोलताना घसा कोरडा पडून अडखळतो, समोर नीट बघत नाही. तुमच्या पत्राशी जुळवून बघा, जवळपास सगळं जुळतं. पण त्यावर विज्ञानेश्वराने मिताक्षरा नावाचं भाष्य लिहिलं, तीच मिताक्षरा जिच्यावर वडिलोपार्जित वाटण्यांचे खटले चालत आले. तो या यादीखाली काय म्हणतो बघा: यावरून दोषाची नुसती शक्यता कळते, निश्चय होत नाही, कारण हे विकार स्वाभाविक आहेत की दुसऱ्या कशामुळे आलेत हे वेगळं करणं कठीण. आणि पुढे म्हणतो, एखाद्या हुशार माणसाला ते वेगळं करता आलं तरी तेवढ्यावर कुणाला हरवू नये, मरणाची लक्षणं दिसली म्हणून शहाणी माणसं जित्या माणसाचं क्रियाकर्म करत नाहीत. नऊशे वर्षं झाली असतील या वाक्याला. तुम्ही मात्र अर्ध्या शटरआड क्रियाकर्म उरकून मोकळे झाले.

मग त्या घामाला, रडण्याला काहीच अर्थ नाही का? आहे ना. पोरगा घाबरला होता. भीती, लाज, अपमान, संताप हे सगळं शरीरावर दिसतं, पण ते कशामुळे आलं याची चिठ्ठी सोबत येत नाही. पॉल एकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने या चुकीला शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचं नाव दिलंय, आपल्याकडे देवलांनी ज्याचा झुंझारराव केला तोच. त्यात संशयी नवऱ्यापुढे बायको रडते, कारण आपलं कुणी ऐकूनच घेणार नाही हे तिला कळून चुकतं, आणि तो त्याच रडण्याला पुरावा समजतो. खोटा पकडला जाईन म्हणून घाबरतो आणि खरा आपल्यावर विश्वास बसणार नाही म्हणून घाबरतो, बाहेरून दोघं सारखेच दिसतात. आणि 'कोणते पैसे?' हे उत्तर तुम्हाला टाळाटाळ वाटलं, पण तुम्ही त्याला कधी सांगितलं होतं का की मार्चपासून कमी येऊन राहिलं? पत्रावरून तरी वाटतं की ही गोष्ट तुम्ही आणि मुनीमजी दोघांतच होती, मग त्याच्यासाठी तो खरोखरीचाच प्रश्न असू शकतो.

हां, तो तुमच्या हाताखाली वाढला, त्यामुळे त्याचं नेहमीचं वागणं तुम्हाला माहीत आहे, हे मी मानते. याचा उपयोग होतो. नेहमी बडबड करणारा गप्प झाला, मोबाईल उलटा ठेवायला लागला, तर काहीतरी बदललं एवढं कळतं. पण काय बदललं हे तरी कुठे कळतं? विषय राहिला असेल, एखादी मुलगी असेल, किंवा बाप गेल्याचं चार वर्षांनीही आतून येत असेल.

लाय डिटेक्टरचं लवकर आटोपते. ते मशीन श्वास, रक्तदाब, नाडी आणि कातडीवरचा घाम मोजतं, म्हणजे तुम्ही त्या रात्री डोळ्यांनी जे मोजलं तेच वायरी लावून. अमेरिकेच्या विज्ञान अकादमीने २००३ मध्ये त्याचा मोठा आढावा घेतला आणि त्यावर भरवसा ठेवण्याइतका आधार नाही असंच सांगितलं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात ठरवून दिलंय की माणसाची मर्जी नसेल तर पोलिसांनाही ही टेस्ट करता येत नाही, आणि मर्जीने केली तरी नुसता निकाल पुरावा म्हणून चालत नाही. जिथे पोलिसांना मनाई तिथे काका पुतण्याला कोणत्या तोंडाने नेणार? आणि नेलंच तर वहिनी आयुष्यात तुमच्याशी बोलतील का, याचं उत्तर मात्र मशीनशिवाय देता येतं.

आता कामाचं बोलू. लोकांना २००२ च्या एका अभ्यासात विचारलं होतं की तुम्हाला कुणाचं खोटं शेवटी कसं कळलं, तेव्हा बहुतेकांचं उत्तर समोरच्याचा चेहरा हे नव्हतं. नंतर कळलं होतं, दुसऱ्या कुणाकडून, एखाद्या कागदावरून, वस्तूवरून, किंवा त्याने स्वतःहून सांगितलं म्हणून. तुमच्याकडे कागद आहेत, तिथे चला.

पत्रात एक ओळ ओझरती आहे की 'पंप परत येतात फार, गिऱ्हाईक डोकं खातं'. भाऊ, परत आलेल्या पंपाचे पैसे कुठून देता? गल्ल्यातूनच ना? आणि ते लिहिता कुठे? कूलरच्या सीझनमध्ये संध्याकाळी गर्दीत एक मिस्त्री येतो, पंप फेकतो, 'चालत नाही बे हा' म्हणतो, कुणीतरी साडेतीनशे काढून देतो आणि पंप खोक्यात टाकतो. विक्री वहीत राहिली, परतीची नोंद नाही, रात्री साडेतीनशे कमी. असे आठवड्याला चार झाले तर मार्च ते मे, बारा-तेरा आठवड्यांत, तुमच्या साडेअठरा हजारांचा जवळजवळ सगळा हिशोब तिथेच लागतो. खोक्यातले खराब पंप आधी मोजा. मी असंच झालंय असं म्हणत नाही, पण ते खोकं मोजायला अर्धा तास लागतो आणि तुम्ही आठ दिवस चेहरा आठवत बसलाय.

मग क्यूआर कोड. दुकानात किती चिकटवलेत, आणि कोणता कोणत्या खात्यात जातो? एखादा जुना, भावाच्या खात्याचा तर राहिला नाही ना? माल रोखीत लिहिला गेला आणि पैसे ऑनलाइन आले तरी गल्ला कमीच दिसणार. वायरमन लोकांची उधारी, 'लिहून घे, शनिवारी देतो' वाली, ती सगळी वहीत जाते का? आणि चौथं, हे विचारताना मलाच कसंतरी होतं पण विचारते: तुम्ही स्वतः किती काढता? पत्रात लिहिलंय की घरचा किराणा कधीकधी तिथूनच होतो आणि गणपती-मारबतीची वर्गणीही. मालक गल्ल्यातून काढतो तेव्हा त्याला ते काढणं वाटतच नाही, खिशातून खिशात. पंधरा दिवस करून बघा, सकाळी गल्ला मोजून आकडा लिहायचा, परती वेगळ्या वहीत, घरचा खर्च चिठ्ठी टाकूनच, आणि रात्री दोघांनी मिळून नोटा मोजायच्या, पाचशेच्या किती, शंभरच्या किती, दोघांची सही. यात कुणावर संशय नाही, तिघांनाही एकच नियम.

तिघांनाही म्हणाले, कारण एक गोष्ट खटकली. मुनीमजींना तुम्ही डोळ्यात डोळे घालायला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं मी म्हणत नाही बाप्पा, त्या बिचाऱ्यांवर घाम शोधत बसू नका आता. पण बावीस वर्षं जुना म्हणून एक सुटला आणि वीस वर्षांचा म्हणून दुसरा अडकला, हे व्हिडिओ बघण्याआधीच ठरलं होतं का, हे स्वतःला विचारून बघा. एकदा मनात चोर ठरला की खुणा आपोआप जुळत जातात.

पोराशी बोलायचंच असेल, आणि बोलायला हवंच, तर 'घेतले का?' या प्रश्नाने सुरू करू नका. त्याला हो किंवा नाही एवढीच उत्तरं असतात आणि दोन्ही तुम्हाला पटणार नाहीत. 'संध्याकाळी गर्दीत गल्ल्याचं कसं करतो रे तू, परत आलेल्या मालाचं काय करतो, मला सांग' असं विचारा आणि मग गप्प बसा, मधे तोंड घालू नका. जास्त बोलतं केलं की तपशील येतात आणि तपशील तपासता येतात: कोणता मिस्त्री, कोणता दिवस, कोणत्या नंबरवरून फोन. खरं सांगणाऱ्याकडे असे पडताळता येणारे तपशील जास्त निघतात, अभ्यासकांना जे थोडंफार भरवशाचं सापडलंय त्यातली ही एक गोष्ट. तपास करणाऱ्यांसाठी घटना उलट्या क्रमाने सांगायला लावणं, अनपेक्षित प्रश्न टाकणं अशा युक्त्याही आहेत, पण घरात त्या वापरू नका. बाप गेलेल्या पोराला 'आता उलटं सांग' म्हणणारा काका त्याला जन्मभर आठवेल.

आणि समजा, सगळं मोजून झालं आणि पोरानेच घेतले असं निघालं. होऊ शकतं, वीसव्या वर्षी होतं. तेव्हाही आधी बघा की घेतले कशाला, आणि इथेच मला तुमच्या पत्रातली ती दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवावीशी वाटतात. एक, 'दुकान दोघा भावांनी टाकलं'. दुसरं, 'पगार कशाचा, घरचाच आहे'. तो कॉलेज करून रोज चार तास बसतो, सीझनमध्ये सहा, आणि त्याला महिन्याला काय मिळतं? पेट्रोलचे पैसे मागून घ्यावे लागतात का? आणि भावाचा दुकानातला वाटा गेल्या चार वर्षांत कुणाच्या नावावर, कोणत्या वहीत मांडलाय? भाऊ गेला म्हणजे वाटा जात नाही, तो वहिनीचा, मुलाचा, आणि तुमची आई असेल तर तिचाही असतो. कदाचित तुम्ही सगळं नीट मांडलं असेल, तर माझं बोलणं पोटात घाला. पण मांडलं नसेल, तर ज्या गल्ल्यातली चोरी आपण शोधून राहिलो त्यातला बराचसा गल्ला त्याच्या घरचा आहे, आणि वहिनीचं न बोलणं त्या एका रात्रीपुरतं नसावं. एखाद्या सीएकडे आणि वकिलाकडे बसून हा हिशोब लिहून काढा, पोराला महिन्याचा पगार ठरवा, बँकेत जमा होईल असा. हे पैसे सापडले की नाही यावर अवलंबून ठेवू नका.

इतर वाचकांसाठी दोन शब्द, कारण अशी पत्रं बरीच येतात, नवरा ऑफिसात होता म्हणतो, पोरगी क्लासला गेली म्हणते, कामवाल्या बाई कपाटाजवळ गेल्याच नाही म्हणतात. कामवाल्या बाईंच्या बाबतीत तर जास्तच जपा, ज्याची नोकरी आपल्या हातात आहे तो आपल्यासमोर घाबरणारच, त्याच्या भीतीतून काहीही सिद्ध होत नाही. नवऱ्याच्या बाबतीत, चेहरा वाचायला लागण्याइतका संशय आला असेल तर 'मला तुझ्यावर विश्वास ठेवायला जड जातंय' हे सरळ बोलणं जास्त बरं. आणि वयात आलेली मुलं थोडं लपवतातच, कुठे गेली होती यापेक्षा कुठे अडकली तर फोन करेल का, हे आईबापाला कळायला हवं.

भाऊ, तुम्ही आता पंप मोजायला जाल, पण त्याच्या आधी वर जा. त्याला खाली बोलावू नका, तुम्ही जिना चढा. चहा झाला की सांगा, पैसे कमी आहेत हे खरं, ते कुठे गेले मला अजून माहीत नाही, आणि तरी मी तुला चोर म्हटलं, ते चुकलं. 'पण तूही तसा रडला म्हणून' वगैरे जोडू नका, 'पण' आलं की वहिनी उठून स्वयंपाकघरात जातील. तो लगेच दुकानात येईल असं समजू नका, पोळ्यापर्यंतही नाही आला तर चालेल, कॉलेजचं वर्षही आहे त्याचं.

आणि आरोप मुनीमजींसमोर केला होता, तेव्हा दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं की तेवढंच त्यांनाही सांगा, गिऱ्हाईक यायच्या आत.